मापाची वही

पगारदार माणसाचं बरं असतं. पगाराच्या तीन चिठ्ठ्या बँकेत सरकवल्या की घरकर्जाचं काम झालं. रोहिणी फुटाणेला चिठ्ठी कोण देणार? सांगलीत तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीत ती सोळा वर्षं ब्लाउज शिवत होती. कोणी रोख द्यायचं, कोणी पुढच्या आठवड्यावर ढकलायचं, कोणी पिशवीभर वांगी ठेवून जायचं. दोन बँकांनी ‘उत्पन्नाचा पुरावा नाही’ म्हणून अर्ज परत केला. तिसऱ्या बँकेतली केतकी बिडवे मात्र म्हणाली, “मापाची वही ठेवता ना? तीच आणा.”

वही कसली, गठ्ठाच होता. रोहिणीने तो काखेत मारला आणि निघाली. घर तिला स्वतःसाठी नकोच होतं. धाकट्या भावाच्या, निनादच्या पायांत लहानपणापासून जोर नव्हता. त्याला उचलून जिने उतरवणारे शेजारी गाव सोडून गेले, तेव्हापासून चार महिने तो खाली उतरलाच नव्हता. तळमजल्यावरचं, चाकाची खुर्ची सरळ आत जाईल एवढ्या रुंद दाराचं घर तिने हेरून ठेवलं होतं.

केतकीने वह्या एकेक करून यंत्राच्या काचेच्या पाटीवर ठेवल्या. पानं आपोआप उलटत गेली.

“मॅडम, यात पैसे कुठे आहेत? नुसती मापं आहेत.”

“मापांतच सगळं आहे, ताई. आमचं हे कमाईवेध यंत्र तुम्ही काल काय कमावलं ते विचारत नाही. पुढची वीस वर्षं काय कमवाल ते काढतं.” केतकीने पडद्यावर बोट ठेवलं. “ह्या सुलभा आरवाडे. दोन वर्षांत कंबर तीन इंच वाढली. म्हणजे सगळे ब्लाउज नवे शिवणार, आणि तुमच्याकडेच येणार.”

“अगं बाई! जिलेबी सोडत नाही ती!” रोहिणीला हसू आवरेना. चारशे बायकांची अंगं वाचून यंत्र काम मोजत होतं, आणि तिला त्याचं कौतुकच वाटलं. कुणाच्या पोटाचा घेर, कुणाची पोक आलेली पाठ, सगळं तिच्याच अक्षरात होतं.

“ह्या शेवंताबाई कोळेकर. यांचं काम सहा महिन्यांपुरतंच धरलंय.”

“का? सांगली सोडून चालल्यात?”

“यंत्र कारण सांगत नाही, ताई. काम येईल की नाही, एवढंच सांगतं.” केतकीने पुढचं नाव काढलं.

अर्ध्या तासात निकाल आला. कर्ज मंजूर. रोहिणीने तिथेच डोळे पुसले, केतकीचे दोन्ही हात धरले. पण शिवण उलटून बघितल्याशिवाय कपडा हातावेगळा करायचा नाही ही तिची सवय. तिने कागद शेवटपर्यंत वाचला. शेवटच्या पानावर होतं: ‘अवलंबून व्यक्ती: चौथ्या वर्षापर्यंत एक, पाचव्या वर्षापासून शून्य.’

“मॅडम, हे चुकलंय. निनाद कायम माझ्याकडेच राहणार.”

केतकीने पडदा रोहिणीकडे वळवला.

निनादचा दिवाळीचा शर्ट रोहिणीच शिवायची. फुकट शिवलेल्या कपड्याचंही माप वहीत गेलंच पाहिजे, अशी आईची शिस्त होती. सात दिवाळ्यांची मापं यंत्राने एकाखाली एक लावली होती. छाती छत्तीस. साडेपस्तीस. पस्तीस. दर वर्षी अर्धा इंच कमी, शेवटी तेहतीस. दंडाचंही तसंच. खाली यंत्राने रेघ पुढे नेली होती, आणि ती पाचव्या वर्षाआधी थांबत होती.

टेप तिच्याच हातात होती, आकडे तिनेच लिहिले होते, लिहायचे आणि पान उलटायचं. ही पानं एकदाही शेजारी मांडून बघितली नाहीत! स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं तिला वाटलं.

“काय झालंय त्याला?”

“ते यंत्राला विचारता येत नाही.”

“मग मी डॉक्टरला विचारते. उपचार करीन. बरा होईल तो.”

“होऊ देत, ताई, खरंच होऊ देत.” केतकीने आवाज खाली आणला. “पण मंजुरी या आकड्यांवर आहे. वही दर महिन्याला इथे दाखवायची. पाचव्या वर्षी घरात दोन माणसं असली, तर औषधपाणी धरून तुम्हाला हप्ता झेपणार नाही, असं यंत्र धरेल. मग घर बँकेकडे येईल.”

“म्हणजे ज्याच्यासाठी घर घेतेय, तो जगला तर घर जाणार?”

“असं नका म्हणू हो.”

“मग कसं म्हणू?”

सहीसाठी उद्या बारापर्यंत या, एवढंच केतकी म्हणाली.

रोहिणी घरी आली तेव्हा निनाद खिडकीशी ब्लाउजला हुक लावत बसला होता. पूर्वी तासाला पाच ब्लाउज उरकायचा. आज सकाळपासून त्याचे दोनच झाले होते. हेही तिला आत्ताच दिसलं.

“मिळालं?”

“मंजूर झालं.”

तो असा ओरडला की खालचा इस्त्रीवाला वर बघू लागला. “चल, घे माप! वास्तुशांतीला नवा शर्ट पाहिजे मला.” त्याने दोन्ही हात वर केले. ते थरथरत होते.

टेप त्याच्या छातीभोवती आली. पावणेतेहतीस. तिने वही उघडली, पेन्सिल टेकवली. खरा आकडा लिहिला तर यंत्राला हवं तेच मिळणार होतं. तिने काहीच लिहिलं नाही. सात दिवाळ्यांच्या वह्या वेगळ्या काढल्या आणि त्याच्या जुन्या औषधांच्या कागदांबरोबर पिशवीत घातल्या.

“हे कशाला?”

“उद्या सकाळी मिरजेला जायचंय, मोठ्या डॉक्टरांकडे. इस्त्रीवाल्या भाऊंना सांगते तुला उतरवायला. बँकेचं मग बघू.”

“बरं. पण शर्टाच्या शिवणीत कापड जास्त सोड हं, ताई. खालच्या घरात रोज उन्हात बसणार. जाड होणार मी.”

रोहिणीने कापड पसरलं. खडूची रेघ मापाच्या बरीच बाहेरून ओढली, मग आणखी थोडी बाहेर.

“तीन इंच सोडते,” ती म्हणाली. “पुरतील ना रे?”