सनी डावीकडे गेला!

"आमच्या ताईनं चोरी केली? सर, तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?"

बोलून गेल्यावर मोनिकाच्या लक्षात आलं, की आपण कॉलेजच्या सरांशी बोलतोय. पण आता माघार घेईल ती मोनिका कसली!

उद्धव सरांचे कान लाल झाले. "ही कोण? आणि ही फौज इथं कशाला?"

फौज म्हणजे तिघंच होती. सातवीची परीक्षा देऊन मोकळी झालेली मोनिका, घरमालकांचा आडदांड गणराज आणि शेजारचा दहा वर्षांचा सनी. रहाटणीहून तिघं मोठ्या हौसेनं चिंचवडच्या या कॉलेजात आली होती. इथं ॲनिमेशन आणि गेम डिझाइन शिकवतात, आणि आज शेवटच्या वर्षाच्या मुलांनी आपापले गेम मांडले होते. मोनिकाची ताई उत्कर्षा त्यांतलीच एक. तिच्या गेममध्ये खुद्द त्यांची आईच होती! पदर खोचून स्कूटरवर बसलेली, चाकणच्या कंपन्यांमध्ये डबे पोचवणारी छबूबाई. भोंगा व्हायच्या आत डबा पोचला पाहिजे, नाहीतर खेळ खलास! सुट्टी लागल्यापासून ही तिघं तो गेम रोज खेळून चुका शोधत होती आणि ताई त्या दुरुस्त करत होती.

"सुजितचा गेम माझ्याकडे सोमवारी आला, हिचा आज सकाळी," सर टेबलावर बोट आपटत म्हणाले. "रस्ते तेच, वळणं तीच, अडथळेही तेच. मग नक्कल कोणी केली, हे सांगायला ज्योतिषी हवा का?"

"सर, मी शेवटपर्यंत चुका दुरुस्त करत होते, म्हणून..." उत्कर्षा सांगू लागली.

"पुरे! तुझ्या आईला बोलावलंय. दुपारी चोरीच्या कबुलीवर सही करतील. यंदा तू परीक्षेला बसणार नाहीस."

मागे सुजित उभा होता. लॅबमध्ये तो ताईच्या शेजारच्याच कॉम्प्युटरवर बसायचा. "डबेवाल्या बाईचा गेम कोण खेळणार?" तो हसत म्हणाला. "म्हणून हिनं माझा उचलला आणि वर आईचं चित्र डकवलं."

मोनिका त्याच्या अंगावर धावूनच जाणार होती. गणराजनं दंड धरून तिला जिन्यात ओढलं.

"मारायचं न्हाई! हात उचलला की आपलंच चुकलं म्हणत्यात."

"मग बघत बसू? ताईची तीन वर्षं पाण्यात जातायत!"

"मोनूताई," सनी मध्येच म्हणाला, "मी बघितला त्याचा गेम. अंतराळवीर रॉकेटला इंधन पोचवतो. पण सुरुवातीला डावीकडे भिंतच नाहीये. आपल्याकडे पण नव्हती ना, मी पडलो तेव्हा?"

मोनिका त्याच्याकडे बघतच राहिली. खरंच की! गेम सुरू झाला की सगळं जग उजवीकडे पळतं. हा एकटा पठ्ठ्या डावीकडे गेला होता आणि स्कूटरसकट जमिनीतून खाली कोसळला होता. ताईनं मागच्याच आठवड्यात तिथं भिंत घातली. म्हणजे सुजितनं गेम त्याआधीच चोरला होता, भोकासकट!

"सरांना सांगू या!" सनी म्हणाला.

"ते ऐकून घेतील तर ना! परीक्षकांसमोरच पाडायचं त्याला."

दुपारी बाहेरच्या परीक्षक विजयश्री मॅडम सुजितच्या टेबलापाशी आल्या. तेवढ्यात मोनिका पुढे झाली आणि साखरेत घोळवल्यासारखं बोलली, "सुजितदादा, आमच्या सनीला एकदा खेळू दे ना! त्याला तुझंच रॉकेट आवडलंय."

"खेळू दे की," मॅडम म्हणाल्या. "गेम मुलांसाठीच आहे ना?"

सुजितला नाही म्हणता येईना. सर मात्र मोनिकाकडे खाऊ की गिळू असं बघत होते. त्याच वेळी दारात छबूबाई आल्या, हातात रिकामे डबे, कपाळावर घाम. "सही कुठं करायची, सर?"

"थांबा तिथंच!" सर खेकसले.

सनी खेळायला बसला आणि आयुष्यात पहिल्यांदा शहाण्यासारखा उजवीकडे निघाला! रॉकेट बघून गडी हरखला होता.

"सनी! डावीकडे!" मोनिका किंचाळली.

सुजितच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तो कीबोर्डकडे झेपावला, पण मध्ये गणराज उभा होता, आणि गणराजला हलवायला क्रेन लागते. "थांब की भावा, पोरगं खेळतंय न्हवं!"

अंतराळवीर डावीकडे पळाला आणि धपकन जमिनीखाली कोसळला.

"किरकोळ चूक आहे, मॅडम," सुजित घाईनं म्हणाला.

पण पुढे जे दिसलं, ते मोनिकालाही ठाऊक नव्हतं. खालच्या अंधारात स्कूटरवर कोणीतरी बसलं होतं. पदर खोचलेला. मागे चार डबे.

"आई!" मोनिका ओरडली.

"सगळा गेम तिच्यावर बांधलाय," उत्कर्षा पुढे येत म्हणाली. "तिला काढलं तर काहीच चालत नाही. म्हणून यानं तिला दिसणार नाही अशी खाली ढकलली!"

मॅडमनी सुजितच्या गेमची मूळ फाइल उघडली आणि छबूबाईंना पुसून पाहिलं. पडदा काळाठिक्कर! परत ठेवलं, तर गेम सुरू. त्यांनी मान वर केली. "सुजित, आता तू सांग. तुझ्या रॉकेटच्या गेममध्ये ही बाई काय करते?"

सुजित मागच्या मागे दाराकडे सरकू लागला.

"प्राचार्यांकडे चला," मॅडम त्याला म्हणाल्या, मग सरांकडे वळल्या. "आणि तुम्ही नुसत्या तारखा बघितल्यात? दोन्ही गेम एकदा खेळून तरी बघायचे होते!" सनीच्या डोक्यावर टपली मारून त्या हसल्या. "शाब्बास रे! उलटं खेळणारा असा एक जण प्रत्येक गेमला हवा. तिघांनीही कमाल केलीत!"

सरही "शाब्बास" पुटपुटले आणि त्यांनी मोनिकाच्या पाठीकडे हात नेला. ती चटकन बाजूला झाली. "मला नको. आधी ताईची माफी मागा."

सर उत्कर्षाकडे वळले. "उत्कर्षा... माझं चुकलं. बाई, तुमची सही नकोय आता."

छबूबाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या पडद्याजवळ जाऊन जमिनीखालच्या स्वतःकडे एकटक बघत होत्या. डोळे भरून आले होते, पण आवाज खणखणीत होता.

"उत्कर्षा, बाकीचं मागनं बघू. आधी मला तिथनं वर काढ!"