गाडीत मोठा दोष नाही

तिने बॉनेटवर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. गरम!

"कुणी सांगितलं होतं तापवून ठेवायला?"

समोरचा चष्मेवाला गडबडला. "अहो, सकाळची थंडी... तुम्हाला गार गाडीत बसवायचं म्हणजे—"

"मला बसायचं नाहीये, ऐकायचंय. गार इंजिन चालू होतं ना, तेव्हाच खरं बोलतं. आतली चेन सैल असली की खडखडतं, तेल जळत असलं की मागून निळा धूर येतो. एकदा तापलं की गुपचूप बसतं. म्हणून तर विकणारे तापवून ठेवतात."

"म्हणजे मी लबाडी केली?"

"मी कुठे काय म्हटलं? गाडी इथेच ठेवा. उद्या या."

तो किल्ली ठेवून पायी निघाला.

आता, पोरीचं तरी काय चुकलं? मामाच्या गॅरेजात ती जुन्या आलिशान गाड्या तपासायची. घेणारा आधी तिला विचारायचा, ती हो म्हणाली तरच व्यवहार. थापा ऐकून ऐकून तिचे कान तिखट झाले होते. मामा तिला शंकाबाई म्हणायचा. लग्नाची दोन चांगली स्थळं तिने असेच उलटसुलट प्रश्न विचारून पळवली, हे मामी येईल त्याला सांगायची.

ही गाडी एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंना घ्यायची होती. पाठीच्या दुखण्यामुळे त्यांना धक्के न देणारी गाडी हवी होती. विकणारा हा चष्मेवाला, दातांचा डॉक्टर. गाडी त्याच्या वडिलांची. वडील गेले, घर खायला उठलं. दुसऱ्या शहरात दादाचा दवाखाना होता. गाडी विकली गेली की तिकडे जायचं, एवढंच त्याचं ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने त्याच्यासमोरच किल्ली फिरवली. खडखड नाही, धूर नाही. तेलाचं झाकण उघडून आत बॅटरी मारली. आतल्या बाजूला दुधासारखा फेस असता तर तेलात पाणी शिरलं म्हणायचं, पण झाकण स्वच्छ होतं.

"मीही दिवसभर हेच करतो," तो तिच्या खांद्यामागून म्हणाला. "आ करा म्हणतो आणि बॅटरी मारतो."

"आणि लोक खरं सांगतात?"

"छे! कीड इथून तिथवर पसरलेली असते, आणि म्हणतात, डॉक्टर, मी गोड खातच नाही."

ती हसली. अगदी मोठ्याने हसली! पलीकडे मामाने हातातला पाना खाली ठेवून इकडे बघितलं.

मग आली छताच्या काचेची पाळी. अशा गाड्यांत त्या काचेभोवतीच्या बारीक नळ्या तुंबतात, पाणी आत झिरपतं, गालिच्याखाली साचतं आणि तिथली वायरिंग सडते. बाहेरून पत्ता लागत नाही. तेव्हा मामा शिडीवर चढून झारीने पाणी ओतणार आणि आत कुणीतरी हात लावून बघणार.

"कुणीतरी म्हणजे?" त्याने विचारलं.

"मी. पण दोन बाजू आहेत... तुम्हाला वेळ असेल तर..."

त्याला वेळ होता. दोघं आत बसले, दारं लागली. काचेवरून पाणी ओघळायला लागलं आणि गॅरेजातला गोंगाट कुठच्या कुठे गेला. पाण्यातून उतरलेला उजेड त्याच्या चष्म्यावर हलत होता. बघायचं नाही असं ठरवून ती दोनदा बघून बसली.

"शेवटी शेवटी बाबांना गाडी चालवता येत नव्हती," तो हळूच म्हणाला. "तरी संध्याकाळी इथे येऊन बसायचे. मला शेजारी बसवायचे. बोलायचे काहीच नाहीत."

"मग तुम्ही?"

"मीही नाही. आता वाटतं, काहीतरी विचारायला हवं होतं."

ओल लागते का बघायला ती छताचं कापड चाचपत राहिली. पलीकडून त्याचा हातही सरकत आला... आणि बोटाला बोट लागलं.

"कोरडं आहे," ती म्हणाली.

"हो... अगदी कोरडं."

हात मात्र कुणीच काढला नाही.

"अहो, अजून किती ओतू?" वरून मामा ओरडला. "पिंप रिकामं झालं!"

आता तपासणी लवकर संपायला हवी होती. गाडी चारही कोपऱ्यांवर सारखी उभी राहते का, ते बघायचं होतं. या गाडीला स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या असतात. एखादी गळत असली की रात्रभरात तो कोपरा खाली बसतो. एका रात्रीत कळतं. हिने तीन रात्री गाडी ठेवून घेतली! रोज सकाळी डॉक्टर दवाखान्यात जाण्याआधी यायचा. दोघं वाकून चारही चाकं बघायची, चारही कोपरे सारखे असायचे आणि मग गप्पाच संपायच्या नाहीत.

"बाकीच्या गाड्यांना एक रात्र पुरते," मामा म्हणाला.

"खात्री नको करायला?"

"कशाची गं?"

तिला स्वतःचाच राग आला होता. दुसऱ्यांचं खोटं पकडणारी आपण, आणि हे काय चाललंय आपलं?

शेवटी गाडी चालवून बघायची वेळ आली. तो शेजारी बसला. चढावर गिअर बदलताना गाडीने बारीकसा हिसका दिला. गिअरबॉक्सचं तेल जुनं झालं होतं, दुसरं काही नाही. बदललं की हिसका जाणार, हे तिला झोपेतही कळलं असतं.

पण अशा गाडीचा गिअरबॉक्स म्हणजे लोकांना खर्चाची धडकीच. "खात्री देता येत नाही," एवढंच म्हटलं की बाई माघार घेणार. गाडी राहील. गाडी राहिली की तोही राहील. धड खोटंसुद्धा नव्हतं ते. तिने रस्त्याकडेला गाडी थांबवली.

नेमका तेव्हाच मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. "काय गं पोरी, घेऊ का मग?"

तिने त्याच्याकडे बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

"बाई..." त्या बिचाऱ्या पाठीला हात लावून बसल्या असतील, तिच्या एका शब्दावर विसंबून. "घ्या, बाई. गिअरबॉक्सचं तेल बदलून घ्या. पुढच्या डाव्या चाकाच्या सांध्यातला एक रबर झिजलाय, तोही बदला. बाकी मोठा दोष नाही."

फोन ठेवला.

"झालं तर मग," तो म्हणाला. "खरं सांगू? रोज वाटायचं, आज तुम्हाला काहीतरी मोठं सापडेल. इंजिन जाईल, छत गळेल... काहीही."

"का?"

"जायचं लांबलं असतं."

तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "त्या जादा रात्री उगाच होत्या. पिशव्या पहिल्याच सकाळी ठीक होत्या. आणि आत्ताही मी खोटं बोलणार होते... तुम्ही जाऊ नये म्हणून. पण तुम्हाला असं अडकवून ठेवायचं नाहीये मला. सरळ विचारते. मला तुम्ही आवडता. फार आवडता. थांबाल?"

त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग खाली उतरला आणि फोन लावला. खिडकीची काच उघडीच होती.

"दादा, गाडी विकली गेली... हो, पण मी येत नाहीये... अरे, तब्येत ठणठणीत आहे! इथे राहण्यासारखं काही उरलं नव्हतं म्हणून निघालो होतो ना?... हो. आता आहे... नाही, अजून तिला उत्तरही दिलेलं नाही, तू फोन ठेव आधी!"

तो परत आला आणि खिडकीशी वाकला. कान लालबुंद झाले होते.

"ऐकलंत?"

"ऐकलं," ती डोळे पुसत म्हणाली. "तरी मला सांगा."

"थांबतो," तो म्हणाला. "तुमच्यासाठी."