हुकमात नसलेली कबर

यातला एक शब्दही मी बनवलेला नाही. बनवता आलं असतं, तर शेवट तरी बरा केला असता.

गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट. नेब्रास्काच्या माळावरचा आमचा किल्ला लष्कर कायमचा सोडत होतं. मेलेले शिपाई उकरून रेल्वेजवळच्या लष्करी दफनभूमीत न्यायचे, असा हुकूम होता.

फक्त शिपाई.

माझी बायको नोरा पलटणीची धोबीण. तापानं गेली. तिची कबर तिथेच राहणार होती... एकटी, लांडग्यांच्या माळावर.

"साहेब, हिलाही नेऊ या," मी लेफ्टनंटसाहेबांना म्हणालो.

"हुकमात बायका नाहीत, ब्रॉफी."

माझ्याबरोबर टियर्नी खणत होता. तो हळूच म्हणाला, "मर्दा, तिनं साऱ्या पलटणीचे सदरे धुतले. एखाद्याचं नाव उसनं घेतलं तर काय बिघडलं?"

"कुणाचं?"

"लेंकेचं. त्या जर्मनासाठी रडायला आहे कोण?"

आम्ही लेंकेची कबर उकरलीच नाही. त्याच्या नावाच्या पेटीत नोराला ठेवलं. त्याच्या कबरीवरची फळी मी स्वतः उपटली आणि चुलीत घातली.

संध्याकाळी हजेरी झाली. उरलेल्या शिपायांची नावं संपली. सार्जंट वळला...

"हजर!"

आवाज मागून आला. मागे कोणीच नव्हतं. फक्त उकरलेले खड्डे... आणि एक न उकरलेली जागा.

"कोण रे तो दीडशहाणा?" सार्जंट ओरडला.

कोणी हसलं नाही. टियर्नी पांढराफटक पडला. 'हजर' असं ताणून फक्त लेंकेच म्हणायचा.

नोराला रेल्वेजवळ पुरलं. पाद्रीबाबांनी लेंकेसाठी प्रार्थना म्हटली. तिचं नाव कोणी घेतलं नाही.

मीही नाही.

तेव्हापासून घास उतरत नाही. शेवटी ठरवलं, लेंकेला आणायचं. नवी पेटी ठोकली. झाकण उडू नये म्हणून खिळे मारले आणि परसात ठेवली. रिकामी.

काल दुपारी टियर्नी गाडी घेऊन आला. पेटी उचलायला वाकला.

"अरे, दगड भरलेस की काय?"

"रिकामी आहे."

"थट्टा पुरे. धर त्या बाजूनं."

दोघांनी जोर लावला. पेटी हलली नाही...

टियर्नी गाडी वळवून निघून गेला. पेटी अजून परसातच आहे. झाकण उघडायला माझा हात धजत नाही.

आत लेंके असेल, तर मी त्याचे पाय धरीन.

पण नोरा असेल तर?