पंखाच्या आतला माणूस

भंगारवाल्याने रेग उरीला बोलावलं ते साध्याच कामासाठी. उद्या सकाळी गॅसवाले येऊन विमान कापणार होते. त्याआधी पंखाच्या बुडाकडचे रिवेट काढून पत्रे मोकळे करून द्यायचे, एवढंच. हे रिवेट मारले होते रेगनेच, तेव्हा दुसऱ्या कुणाला सांगण्यात अर्थ नव्हता.

विमान कसलं, अख्खं गाव होतं ते. पाण्यावरून उडणारं, दोन मजल्यांचं, वर म्हणे टेबलाशी बसून जेवायची सोय. सरकारने त्यात पाण्यासारखा पैसा ओतला आणि ते उडायच्या आधीच जगाला धावपट्टीवरची विमानं आवडू लागली. तेव्हापासून सहा वर्षं ते सोलेंट सामुद्रधुनीकाठच्या बेटावरल्या हँगरमध्ये मेणकापडाखाली पडून होतं. बेटावरची पोरं त्याला 'म्हातारी' म्हणत. रेगला ते अजिबात खपत नसे.

नोव्हेंबरातली दुपार होती. समुद्रावरून धुकं आत शिरलं होतं आणि दिवा लावल्याशिवाय हात दिसेना. ओल्या दोरांचा आणि जुन्या तेलाचा वास भरून राहिला होता. रेगने ड्रिलने पहिल्या रिवेटचं डोकं उडवलं आणि ठोकून तो आत पाडला.

आतून दोन थापा आल्या.

हँगरमध्ये तर तो एकटाच होता. रिवेटचं काम असतं जोडीचं. बाहेरचा गडी रिवेटची बंदूक मारतो, आतला पंखाच्या पोकळीत आडवा पडून लोखंडी ठोकळा दाबून धरतो. त्या गोंगाटात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून थापांनीच बोलायचं. एक थाप म्हणजे बसला, पुढे चल. दोन म्हणजे सैल आहे, पुन्हा मार. तीन म्हणजे मला बाहेर काढ, कारण बाहेरून हात दिल्याशिवाय पंखाखालच्या अरुंद भोकातून कुणालाच निघता येत नसे.

रेगचा आतला माणूस होता लेन चेव्हर्टन. अंगाने काडी, तोंडाने तिखट. गेल्या मार्चमध्ये तो फुप्फुसांच्या दुखण्याने गेला. दवाखान्यात त्याचं एकच पालुपद, आपली बाई उडणार कधी? रेगने ठोकून दिलं होतं, येत्या उन्हाळ्यात नक्की, थोडंच काम उरलंय. मरणाऱ्या माणसाला खरं सांगायला त्याची जीभ रेटली नाही, आणि त्यात त्याचं काही चुकलं असं मला तरी वाटत नाही.

त्याने दुसरा रिवेट काढला. पुन्हा दोन थापा. तिसऱ्यालाही तेच. इकडे हा उसवत होता आणि आत कुणीतरी अजून शिवत होतं.

रेगने ड्रिल खाली ठेवलं आणि गार पत्र्याला गाल लावला.

"लेन... ऐक गड्या. ही उडणार नाही. उद्या कापतायत हिला. मी तुला खोटं सांगितलं होतं..."

बाहेर पाणी धक्क्याशी चुबुकचुबुक करत होतं. मग अगदी त्याच्या गालापाशी, आतून, सावकाश, तीन थापा.

रेगने धावत जाऊन पंखाखालचं झाकण उघडलं. आत मिट्ट काळोख. त्याने नेहमीसारखा उजवा हात खांद्यापर्यंत आत घातला.

"ये," तो हलकेच म्हणाला. "धर... सावकाश."

हाताला हात लागला. बर्फासारखा गार, पण ओळखीचा. रेगने पाय रोवून ओढलं. वजन आलं, सरकलं आणि एकदम हलकं झालं. रेग मागे आपटला. दिवा धरून पाहिलं तर भोक रिकामं होतं. त्याला हुंदका आवरेना. सुटला बिचारा, असं म्हणत त्याने डोळे पुसले आणि सवयीने झाकण लावून टाकलं.

घरी विनीने चहा ओतता ओतता नवऱ्याचा हात धरला. हाताला पिवळा लेप लागला होता, पत्र्यांच्या सांध्यांत भरतात तो. हँगरमध्ये सहा वर्षांत तो कुणी कालवला नव्हता, आणि हा तर ओला होता. मनगटावर चार बोटांचा गच्च ठसा, आणि तिथून ती चारही बोटं तळहातावरून घसरत रेगच्या बोटांच्या टोकापर्यंत गेलेली.

"कुणाचा हात सुटला रे तुझ्या हातून?" विनीने विचारलं.

रेग बूट चढवू लागला. बाहेर धुकं तसंच होतं, आणि त्यातून, हँगरच्या बाजूने, थापा येत होत्या. तीन. जरा थांबून पुन्हा तीन.

विनीनेही मान वर केली.