मेणबत्तीचं कार्ड

"माझं कार्ड गेलं," रुकसाना म्हणाली, आणि स्वारगेटजवळच्या त्या छोट्या हॉलमधली कुजबुज थांबली.

तळहाताएवढी चित्रकार्डं करून आपसांत बदलून घेणारी ही मंडळी. यंदाचा विषय आवडती कथा. अट एकच, कार्ड चौकोनी नको. रुकसानाचं कार्ड बारीक मेणबत्तीच्या आकाराचं होतं. त्यावर आंधळा मेणबत्तीवाला रंगवलेला, तिच्या दिवंगत अब्बांच्या अप्रकाशित कथेतला. मागे त्यांच्याच हस्ताक्षरातल्या चार ओळी चिकटवलेल्या, खाली तारीख. त्या कथेचं तेवढंच उरलं होतं.

संयोजक नम्रताने दार लावलं. खिसे, पिशव्या पाहून झाल्या. काहीच मिळालं नाही. जो तो दाराकडे बघू लागला.

चित्रकलेच्या निवृत्त शिक्षिका सत्यशीलाबाई मात्र टेबलाभोवती फिरत राहिल्या. एकेका कार्डावर बोट टेकवत. पान, किल्ली, होडी. सगळी सपाट. फक्त एका रुंद कासवाच्या कडा वर वळलेल्या.

"हे कुणाचं?" त्यांनी ते उलटून पाहिलं. मागे कोरा कागद चिकटवलेला.

"माझं," कथाकार विश्वजीत म्हणाले. त्यांचा नवा संग्रह नुकताच आला होता.

"केव्हा केलंत?"

"झाले आठ दिवस."

"मागचा कोरा कागदही तेव्हाच लावला?"

"हो. अहो बाई, मला निघायचंय."

"मघाशी आपण कुठे होतात?"

"डिंक-कात्रीच्या टेबलापाशी. सगळेच तिथे येत-जात होते."

"ओल्या डिंकाने कागद वळतो," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "हे कार्ड मी आल्या आल्या पाहिलं, तेव्हा सपाट होतं. आता वळतंय. म्हणजे मागचा कागद आज लागलाय, इथेच."

त्यांनी कडेला नख घातलं. कागद अलगद सुटला. आत, कासवाच्या पाठीला चिकटलेली मेणबत्ती. शाई थोडी फुटली होती, पण ओळी वाचता येत होत्या.

"आपल्या संग्रहातली पहिली कथा मी वाचली. त्यातही आंधळा मेणबत्तीवाला आहे, आणि या चारही ओळी. आपण ती कथा यंदा लिहिली म्हणता. इथली तारीख वीस वर्षांपूर्वीची आहे. कार्ड कुणाच्या हाती पडलं असतं तर जुळवायला वेळ लागला नसता. झडतीत सापडू नये म्हणून आपण ते इथे दडवलंत."

विश्वजीत खुर्चीत बसले.

"हिच्या अब्बांनी ती मला वाचायला दिली होती," ते म्हणाले. "अर्धीच होती. पूर्ण मी केली."

"तुमचं पुस्तक वाचलं, म्हणूनच हे कार्ड केलं," रुकसाना म्हणाली. तिने मेणबत्ती कासवापासून अलगद सोडवली. "शेवट तुमचा आहे, तो ठेवून घ्या. बाकीचं अब्बांचं."