बाबलीच्या पाठीवरचा ठेका

गोव्याला राज्याचा दर्जा मिळून वर्षही झालं नव्हतं. फिजिओथेरपिस्ट सुलोचना रोज पेडण्याहून दोन बस बदलून इस्पितळात यायची आणि श्वासयंत्रावरच्या रोग्यांच्या पाठी थोपटायची. थोपटणं म्हटलं की लोकांना हसू यायचं. पण मनगट सैल सोडून, खोलगट पंजानं फुप्फुसातला कफ सुटा करणं भल्याभल्यांना जमत नाही.

आमोण्याचा बाबली नऊ दिवस यंत्रावर होता. न्यूमोनियानं त्याचं उजवं फुप्फुस खालून कफानं गच्च झालं होतं. आज ते मोकळं झालं नाही तर आशा धरू नका, असं डॉक्टर सकाळीच सांगून गेले.

सुलोचनेनं त्याला डाव्या कुशीवर वळवलं, पाठीवर टॉवेल टाकला आणि सुरुवात केली. दोन फेऱ्या झाल्या तरी काही हललं नाही. हात भरून आले, ती अगदी रडकुंडीला आली.

खाटेशी उभी असलेली बाबलीची बायको शेवंती चाचरत म्हणाली, "बाय, तुजो हात बरो. पूण मदीं वायच सोड. हे देवळांत घुमट वाजयतात मगो. एकल्यान वाजोवप, दुसऱ्यान जाप दिवप, अशी सवय तांची."

मध्ये थांबून जबाबाची वाट बघायची, हे ही मला काय शिकवते, असं सुलोचनेला वाटलं. तरी तिसऱ्या फेरीला तिनं चार थापा दिल्या आणि हात उचलले.

त्या रिकाम्या जागेत चार थापा पडल्या.

आतून. बेशुद्ध माणसाच्या छातीतून, घुमट या मातीच्या वाद्याच्या घुमाऱ्यासकट.

तिनं पुन्हा चार दिल्या. पुन्हा चार आल्या. नर्स पद्मावतीनं मान वर केली आणि तशीच राहिली. लय चढत गेली. खरं तर सुलोचनेनं घाबरायला हवं होतं, पण आरतीला उभं राहावं तसं तिचं मन भरून आलं. डोळ्यांना धार लागली.

मग नळीत कफ खळखळला. पद्मावतीनं तो ओढून घेतला.

सुलोचनेनं स्टेथोस्कोप लावला. उजवीकडे, अगदी खालपर्यंत, हवा जात होती.

थापा थांबल्या होत्या.

आठ दिवसांनी बाबली उशीला टेकून पेज पीत होता. तिला पाहून त्यानं वाटी खाली ठेवली.

"थंय आरती चलताली," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "हांव वाजयतालों. एक म्हातारी म्हाका म्हणाली, 'हो आमच्या सुलूचो हात. तूं परत वच.'"

इस्पितळात तिला सगळे मॅडम म्हणत. सुलू म्हणणारी आई पेडण्यात वारून सहा वर्षं झाली होती.