खालच्या खोलीचा आराखडा

बल्गेरियातल्या त्र्यावना गावच्या दगडी पुलावर झोर्नित्साचा पाय घसरला, आणि काखेतली वॉलपेपरच्या नमुन्यांची गुंडाळी सुटली. पिवळे, हिरवे, फुलाफुलांचे तुकडे बर्फावरून पळू लागले. त्यांच्यामागे एक उंच तरुण धावला.

"सगळे सापडले," तो धापा टाकत म्हणाला. "पण हा जांभळा... खरंच भिंतीला लावणार आहात?"

"तुम्हाला काय त्याचं?"

"मला काही नाही. भिंतीची कीव आली."

ती रागावणार होती— पण हसलीच.

त्याचं नाव ओग्न्यान. सुतार होता. हिवाळ्यात छपरांची कामं बंद असत, म्हणून लोकांना घराच्या आतल्या कामाचे आराखडे काढून द्यायचा. थंडीत ठरवायचं आणि बर्फ वितळलं की हत्यारं काढायची. झोर्नित्साला नेमकं तेच हवं होतं. तिचे बाबा नेदेल्चो नुकतेच पक्षाघातातून उठले होते आणि जिना त्यांना झेपत नव्हता. खालची बैठकीची खोली त्यांच्या निजण्यासाठी तयार करायची होती. फक्त बाबाच तयार नव्हते.

"तुझी आई वरच्या खोलीत गेली," ते पहिल्याच शनिवारी कडाडले. "मीही तिथूनच जाणार. गुंडाळ रे तुझा तो टेप!"

झोर्नित्साचे डोळे भरून आले. ओग्न्यान मात्र वाद घालत बसला नाही. वर गेला, बाबांच्या पलंगाच्या कडेवर टेकला आणि उशीवरून काय दिसतं ते वाकून पाहिलं. खिडकीत एक आलुबुखाराचं झाड होतं, तिच्या आईने लावलेलं.

पुढच्या शनिवारी त्याने कागद उलगडला. "पलंग इथे. आणि ही खिडकी खाली घ्यायची, दोन वीत."

बाबांनी चष्मा लावला. बराच वेळ पाहत राहिले.

"पडल्या पडल्या झाड दिसेल?"

"फांद्या दिसतील, आणि खोडसुद्धा. वरून खोड कुठे दिसत होतं?"

बाबांनी नाक पुसलं. "झोर्ना, याला चहा दे गं. मध घालून."

तरीही मोजमाप काही संपेना. कधी कपाटाची खोली, कधी दाराची उंची... झोर्नित्सा टेपचं एक टोक धरायची, ओग्न्यान दुसरं. आकडा मात्र कुणीच धड लिहून घेत नसे.

"पोरा," सातव्या शनिवारी बाबा म्हणाले, "खोली वाढतेय का रे?"

ओग्न्यानचे कान लाल झाले. त्याने गुपचूप कागद टेबलावर ठेवला. "हा शेवटचा. काम माझा चुलतभाऊ करील. मी एक तारखेला नोकरीसाठी जर्मनीला चाललोय. दोन वर्षांसाठी."

"अरे वा," झोर्नित्सा म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

ती त्याला दारापर्यंत सोडायला गेली. बाहेर बारीक बर्फ भुरभुरत होतं. त्याने टोपी घातली, काढली, पुन्हा घातली.

"एक विचारू?" ती म्हणाली. "आराखडा खरा कधी पुरा झाला?"

"...दुसऱ्या शनिवारी."

"मग इतके दिवस काय करत होतात?"

"हिंमत गोळा करत होतो." तो खाली बघत म्हणाला. "तुमच्यामागे बाबांचं आजारपण, शाळेची नोकरी. त्यात मी कुठे माझं घोडं दामटू? म्हटलं, लांब गेलं की सुटेल सगळं."

"सुटेल?"

"नाही सुटणार," तो पुटपुटला. "मला तुम्ही आवडता, झोर्नित्सा. फार."

तिने त्याच्या बाहीवरचं बर्फ झटकलं, मग हात तिथेच राहिला.

"जाऊ नकोस."

'तुम्ही' कधी गळून पडलं, तिलाही कळलं नाही. त्याला मात्र कळलं.

"पुन्हा म्हण."

"एकदाच म्हणते मी."

"मग नाही जात."

"इतक्या लगेच? त्या लोकांना काय सांगशील?"

"खरं तेच सांगेन. उद्याच फोन करतो."

ती हसायला लागली, आणि हसता हसता रडायलाही. ओग्न्यानने तिचे गारठलेले हात आपल्या हातांत घेतले.

"दार लावा रे!" आतून बाबा ओरडले. "सगळी थंडी घरात घेताय! आणि तू पोरा, एकदाचा बाहेर तरी जा, नाही तर आत तरी ये."

ओग्न्यानने खाली वाकून बूट काढले.